मुठीबाहेरचं घर

समतोल हा शब्द कोणी उच्चारला की हल्ली माझं डोकं फिरतं. हाच शब्द मी इतक्या बायकांना इतकी वर्षं शिकवलाय की खरं तर मला त्याचा अभिमान वाटायला हवा.

मी एका संस्थेत कार्यकर्ती आहे. काम काय, तर बैठका घेणं. सुरतच्या या बाजूला, गोडादरा, नवागाम, डिंडोलीकडे, आमची खानदेशी माणसं दाटीवाटीने राहतात. पुरुष लूमच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या कारखान्यात जातात, बायका घरी साड्यांना चमकीचे स्टोन चिकटवतात. कोणाच्या तरी ओट्यावर सतरंजी टाकायची, गल्लीतल्या बायका जमवायच्या आणि पाणी, गटार, रेशन, पोरींची शाळा, जे काय अडलं असेल त्यावर त्यांना बोलतं करायचं. माझा नवरा याला गप्पांचा पगार म्हणतो. म्हणू दे. तो स्वतः घरात दिवसभरात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन भाजीबद्दल असतात.

कामाला लागले तेव्हा आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं. शिकवायला आलेल्या बाई फार छान बोलायच्या. त्यांचं म्हणणं असं की बैठक चालवणारीने ठाम असावं आणि मऊही असावं. सगळ्यांचं असावं, पण कोणा एकाचं नसावं. जास्त बोलणाऱ्याला आवरावं, पण त्याचं मन मोडू नये. गप्प बसणाऱ्याला बोलतं करावं, पण त्याच्या तोंडात शब्द घालू नयेत. मी हात वर करून विचारलं, "म्हणजे असावं तरी कसं, ते एकदाचं सांगा की." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, ते अनुभवानेच येतं.

आणि ते मला आलं. उगाच खोटी लाज कशाला बाळगू, चांगलंच आलं. भाकरी थापताना हात जड पडला तर ती फाटते आणि हलका पडला तर पसरत नाही, हे ज्या बाईला कळतं तिला बैठक कळायला वेळ लागत नाही. नवागामच्या दोन गल्ल्यांत एका नळावरून बायकांच्या झिंज्या उपटायची वेळ आली होती, तिथे मी दोन्हीकडच्या बायकांना एका सतरंजीवर बसवलं आणि उठताना त्या एकमेकींना चहाला बोलावून गेल्या. तेव्हापासून आमच्या भाऊबंदांत माझं नाव झालं. सून बाहेर फिरते म्हणून नाकं मुरडणारेच सांगू लागले की सून मिटिंगा घेते.

आता कानबाईबद्दल सांगायला हवं, कारण खानदेशाबाहेर ती कोणाला माहीत नसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. ती एका घराची नसते, सगळ्या भाऊबंदांची असते. नारळाला डोळे आणि नथ लावून, साडी नेसवून तिला चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी तिला पाण्यात पोचवायचं. पण खरी गोष्ट रोटांची, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांची. कानबाईचे रोट ज्या गव्हाचे होतात तो गहू आदल्या दिवशी मोजून काढतात. मोजतात मुठीने. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्याचीही. घरचा मोठा माणूस एकेका घराचं नाव घेतो आणि मूठ टाकतो. तो गहू दळून त्याचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला, पाहुण्याला, अगदी जावयालाही ते देत नाहीत. म्हणजे आपण कोणाचे आणि कोण आपलं, हे वर्षातून एकदा गव्हाने मोजून ठरतं.

सुरतेत आमच्या कुळाची बरीच घरं आहेत. इथे मूठ आप्पा टाकतात. आप्पा माझे चुलत सासरे. पहिल्यांदा सुरतेला आले ते, आणि मागून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला खात्यावर त्यांनीच चिकटवलं. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल आणि सगळं सोपं होऊन जाईल.

माझी एक चुलत जाऊ नवागामला राहते. तिचा नवरा खात्यावर मशीनवर उभा असतानाच गेला. छातीत कळ आली, खाली बसला आणि उठला नाही. मागे ती आणि एक पोरगी. त्या वर्षी कानबाईला आप्पांनी नेहमीसारखी घरं पुकारली आणि तिच्या घराशी आल्यावर क्षणभर थांबून पुढचं नाव घेतलं. घरात पुरुष नाही, मग मूठ कोणाची टाकणार? तिला आणि पोरीला रोट मिळाले, पण ते दिराच्या मुठीतले. कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही तेव्हा ते फारसं लागलं नाही, तिचं दुःख ताजं होतं आणि गहू कोण मोजत बसतंय.

पण तिच्या भावाने तो गहू मोजला. भाऊ गावी असतो, शेती आहे, शब्दाला वजन आहे. पोरगी नववीत गेली तसा तो तिच्यामागे लागला, सुरत सोड, गावी ये, पोरीसाठी एक चांगलं स्थळ आहे, दहावी झाली की उरकून टाकू. पोरगी हुशार. गुजराती शाळेत शिकते, आईशी अहिराणी बोलते, मैत्रिणींशी गुजराती आणि मोबाइलशी हिंदी. तिला नर्सिंग करायचं होतं. आईलाही तेच हवं होतं. आई भावाला म्हणाली, इथे आमचं कूळ आहे, पोरीचं काय ते तिच्या बापाचे भाऊबंद बघतील. त्यावर भाऊ जे बोलला ते तिने मला तिच्या खोलीत स्टोन चिकटवता चिकटवता सांगितलं.

"मन्हा भाऊ म्हनस, तठे तुन्हं कोन शे? मूठमा बी धरतस नही तुले."

तिने मान वर केली नाही. साडीच्या काठावर एक एक स्टोन ठेवत राहिली.

"अक्का, माले दुसरं काही बी नको. पोरीना नावनी एक मूठ टाका. मंग मी भाऊले तोंड दिसू."

एवढीच तिची मागणी होती, भावाला तोंड द्यायला तेवढं पुरे होतं. पोरीच्या नावाची मूठ पडली, तर पोरगी बापाच्या कुळाची, तिच्यावर मामाचा अधिकार नाही. नाही पडली तर तिचं सुरतेत कोणी नाही, मग भाऊ म्हणेल तिकडे जाणं आलं. सव्वा मूठ गव्हाला एका पोरीचं अख्खं आयुष्य टांगलं होतं. मला तिचा राग आला, भावाचा आला, कानबाईचाही आला.

हे भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं आणि तिथे धुरळा उडाला. मोठमोठे आवाजी निरोप, त्यांना उलट निरोप, मध्येच कोणाचा तरी सुप्रभातचा गुलाब. शेवटी आप्पांचा मला फोन आला.

"माय, तू तं रोजच मिटिंगा लेस. आमनी बी एक ले. सगळा मोबाइलवर भांडी ऱ्हायनात."

कुळाची बैठक, आणि ती सुनेने घ्यायची. असं आमच्यात कधी झालं नव्हतं. नवरा म्हणाला, "जपून." त्या दिवशी भाजीबद्दलचं एक वाक्य त्याने कमी केलं असावं. मला मात्र आनंद झाला होता. मी जावेला जाऊन सांगितलं की बैठकीत मी तुझ्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही. मी बाजू घेतली की सगळे म्हणतील, बायका बायका एक झाल्या, आणि तिथेच खेळ संपेल. मी फक्त असं करीन की प्रत्येकाला बोलायला लागेल आणि प्रत्येकाला ऐकायला लागेल. ती म्हणाली, "तुमाले समजस अक्का." तिचा माझ्यावर विश्वास होता. माझाही होता.

बैठक डिंडोलीला आप्पांच्या घरी, वरच्या हॉलमध्ये झाली. रविवारची दुपार. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. जाऊ पोरीला घेऊन दाराजवळ बसली. मी पदर सावरून मधोमध बसले, ना पुढे ना मागे. तेवढंही मी ठरवून केलं होतं.

सुरुवात मी हळूच केली. आधी आप्पांना बोलू दिलं, त्यांचा मान. आप्पा शांतपणे बोलले. मूठ पुरुषाची असते, पोरगी उद्या दुसऱ्या कुळात जाणार, मग तिचं नाव आज घालून उद्या काढायचं का? कानबाईसमोर नाव घालणं सोपं, काढणं पाप. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतक्या मायेने बोलले की मागच्या बायकाही माना डोलवू लागल्या.

मग मी तरुणांकडे वळले. आप्पांचा पुतण्या, हिऱ्याच्या कामाला जातो, त्याने केव्हापासून हात वर धरला होता. तो उभाच राहिला. म्हणाला, "काका, जमाना बदल गया है. छोकरा-छोकरी बधां सरखां. मैं तो बोलता हूं, सब लड़कियों की मूठ डालो. मेरी भी दो बेटी हैं."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. एकीच्या मुठीचा प्रश्न होता, तो त्याने सगळ्या पोरींचा करून टाकला. एक म्हातारे काका ओरडले, "तू आधी आपली बोली बोल, मंग कानबाई शिकाड!" पोरगा चिडला, त्याचा आवाज चढला. आता त्याला आवरायला हवं होतं. मला ठाऊक होतं की या हॉलमध्ये उघडपणे तिच्या बाजूचा तो एकटाच आहे. त्याला असाच बोलू दिला तर म्हातारे उठून जाणार, आणि खाली बसवला तर तिची बाजू मांडणारं कोणी उरणार नाही. मी त्याला खाली बसवलं. गोड बोलून बसवलं, त्याचा मुद्दा सगळ्यांसमोर नीट परत सांगितला, अगदी प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं. तो बसला आणि मग शेवटपर्यंत मोबाइल बघत राहिला.

मग मी गप्प बसलेल्यांकडे गेले. जावेच्या सख्ख्या दिराला विचारलं, "तुमाले काय वाटस, भाऊ?"

त्याने जमिनीकडे बघत उत्तर दिलं, "जसं सगळासले वाटी तसं."

मी थांबले. गप्प राहून वाट बघणं हेही एक काम आहे, मला ते येतं. समोरच्याला शांतता सोसवत नाही आणि तो खरं बोलून जातो. पण तो सोसून गेला. त्याच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं, हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होतं. पोरीच्या नावाची मूठ टाकली की पोरगी कुळाची झाली. कुळाची झाली की तिचं शिक्षण, तिचं लग्न, उद्या सासरी काही बिनसलं तर तेही कुळाचं, आणि कुळाचं म्हणजे आधी सख्ख्या काकाचं. एवढं ओझं एका मुठीतून अंगावर येणार होतं. कानबाईच्या पापापेक्षा खरी भीती ही होती आणि ती एकानेही तोंडाने काढली नाही. मी काढायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. काढली असती तर दीर सगळ्यांसमोर उघडा पडला असता, आणि उघडा पडलेला माणूस आमच्याकडे आयुष्यभर माफ करत नाही. त्याची शिक्षा मला झाली नसती, तिला झाली असती.

मागे बसलेल्या बायकांना विचारलं. एक म्हणाली, पोरगी गुणाची आहे. दुसरी म्हणाली, देवीच्या मनात असेल तसं. कोणी नाही म्हटलं नाही. कोणी हो म्हटलं नाही.

जावेला विचारलं तेव्हा ती उभी राहिली. ती एवढंच म्हणाली की मी काही नवीन मागत नाही, पोरीच्या बापाची जी मूठ होती तीच तिच्या नावाने चालू ठेवा. आणि खाली बसली. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. मला वाटलं, आता. आता होतंय.

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगते. हात किंचित वर करून ते म्हणाले,

"ऱ्हाऊ द्या."

"हा, ऱ्हाऊ द्या," कोणीतरी म्हणालं. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," मागून बायका म्हणाल्या. दिराने मान हलवली. बघता बघता सगळा हॉल तेच म्हणू लागला, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकदम सुटल्यासारखं हसू आलं. खालून चहा आला.

राहू द्या. मराठीत याचा अर्थ काय, तुम्हीच सांगा. त्या घराची मूठ राहू द्या, म्हणजे होती तशी असू द्या, काढू नका. की हा विषय राहू द्या, म्हणजे सोडा आता, पुरे झालं? आमच्या अहिराणीतही दोन्ही होतं. त्या हॉलमध्ये प्रत्येकाने आपल्याला हवं ते ऐकलं आणि प्रत्येकजण खूश झाला. जाऊ पोरीचा हात धरून रडत होती, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

मला खटकलं. मी आप्पांना जिन्यात गाठलं.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या म्हंजे काय? मूठ ऱ्हाऊ द्या, का इषय ऱ्हाऊ द्या?"

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सगळास्नी आयकं ना माय. समजनं सगळासले."

"पन काय समजनं?"

"तुन्ही मिटिंग चांगली झायी. आते पानी नको ढवळू."

आणि ते खाली उतरले. मागून माणसं उतरत होती, चपला शोधत होती, कोणी माझ्या पाठीवर थाप देऊन जात होतं. सुनेने मोठं काम केलं म्हणे. तो हिरेवाला पुतण्या मात्र माझ्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी नवागामला गेले आणि जावेला स्पष्ट सांगितलं की याचे दोन अर्थ निघतात, तू फार धरून बसू नकोस. ती हसली. म्हणाली, सगळ्यांच्या तोंडाने देवी बोलली, अक्का. तिने भावाला फोन करूनही टाकला होता. पोरगी अभ्यासाला बसली होती, तिने मान वर करून मला गुजरातीत विचारलं की नर्सिंगला विज्ञान शाखाच लागते का. मी सांगितलं, बहुतेक लागते. घरी आल्यावर मी आप्पांना परत फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला आणि आप्पा झोपलेत असं सांगितलं. नंतर दोनदा लावला, दोन्ही वेळा ते झोपलेले होते.

कानबाईच्या आदल्या सकाळी सगळे आप्पांकडे जमलो. हॉल पुसून लख्ख केला होता, पितळेची भांडी घासून मांडली होती. परातीत गव्हाची रास आणि शेजारी कोरं कापड. जाऊ पोरीला न्हाऊ घालून, नवा ड्रेस घालून घेऊन आली होती. पोरीच्या कपाळाला कुंकू होतं. ती परातीच्या अगदी जवळ उभी राहिली, जिथे घरोघरचे पोरगे उभे राहतात.

आप्पा बसले. एकेक घर पुकारलं, एकेका नावाची मूठ कापडावर पडत गेली. दिराचं घर आलं. दिराची मूठ, दिराच्या दोन्ही पोरांच्या मुठी. नंतर तिचं घर. आप्पा थांबले नाहीत. पहिल्या वर्षी क्षणभर तरी थांबले होते, आता तेवढंही नाही. सरळ पुढचं नाव घेतलं.

जाऊ हलली नाही. पोरीने आईकडे बघितलं. मी वाट बघितली, एक मूठ, दुसरी मूठ. मग मला राहवलं नाही. बैठकीतला माझा आवाज कुठे गेला कोण जाणे, मी चक्क ओरडले.

"आप्पा, एक घर ऱ्हायनं!"

हात परातीतच थांबला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खरोखर न समजल्यासारखं.

"ठरनं ना माय. तुन्हाच मिटिंगमा ठरनं. सगळास्नी सांगं, ऱ्हाऊ द्या."

"त्याना अरथ मूठ ऱ्हाऊ द्या असा व्हता!"

"कोन बोलनं असं?" आप्पांनी सगळ्यांकडे बघितलं. "कोनी बोलनं का?"

मीही सगळ्यांकडे बघितलं. दीर परातीकडे बघत होता. मागच्या बायकांनी पदर पुढे ओढले. पुतण्या आलाच नव्हता. कोणीच बोललं नव्हतं, हे खरं होतं. त्या दुपारी हॉलमध्ये प्रत्येकाला बोलायला मिळालं होतं, मी मिळवून दिलं होतं, आणि 'मूठ टाका' हे शब्द तिच्याशिवाय आणि त्या एका पोराशिवाय कोणाच्याच तोंडून आले नव्हते.

तेव्हा मला कळलं की काय झालंय. आधी तिची मूठ पडत नव्हती ती नुसती एक रीत होती. रीत कोणी ठरवलेली नसते, तिच्याशी भांडता येतं, एखाद्या वर्षी एखादा म्हातारा विसरूनही जाऊ शकतो. आता ते सगळ्यांना विचारून, सगळ्यांचं ऐकून, एकमताने ठरलं होतं. पुढे कधी कोणी विचारलं तर सांगायला झालं की आम्ही रीतसर बैठक घेतली होती, तिलाही बोलू दिलं होतं. ठाम राहून आणि मऊ राहून, आवरून आणि बोलतं करून, मी त्या दारावर घट्ट कुलूप लावून दिलं होतं. याहून वाईट बैठक घेणारी कोणी असती तर निदान भांडणं तरी झाली असती.

जाऊ पोरीच्या खांद्याला धरून मागे वळली. बायकांनी लगेच सरकून तिला वाट करून दिली. एक म्हणाली, "जेवीसन जाय माय." तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. आप्पांनी पुढचं घर पुकारलं.

मी काय केलं म्हणाल तर काही नाही. मी त्याच परातीजवळ उभी राहिले. माझ्या नवऱ्याची आणि माझ्या पोराची मूठ पडायची होती.

नंतर मी पुष्कळ धावाधाव केली. दिराशी बोलले, आप्पांच्या बायकोशी बोलले, तिच्या भावाला फोन केला. भाऊ फार आदराने बोलला. म्हणाला, ताई, तुम्ही तिच्यासाठी एवढं केलं, पण तिथल्या लोकांनी मिटिंगमध्येच ठरवलंय ना? त्यालाही बैठकीचं कळलं होतं. मी फोन ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. शाळेतून पोरीचा दाखला काढला, खोली रिकामी केली. भुसावळकडच्या गाडीला मी उधना स्टेशनवर सोडायला गेले, भाऊबंदांतलं दुसरं कोणी आलं नव्हतं. पोरगी खिडकीशी बसली होती, तिच्या मांडीवर शाळेची बॅग होती आणि ती मोबाइलमध्ये डोकं घालून होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही, आणि तिला हाक मारायची मला हिंमत झाली नाही. मला वाटत होतं, जाऊ आता तरी मला बोलेल. शिव्या देईल, विचारेल की कशाला भरवलीस ती बैठक. मी त्यासाठीच गेले होते खरं तर. कोणीतरी मला एकदा नीट, समतोल वगैरे न ठेवता बोलायला हवं होतं.

गाडी हलायच्या आधी तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. तिच्या बोटांना अजून स्टोनचा गोंद होता.

"अक्का, वाईट वाटी लेऊ नका," ती म्हणाली. "तुमनी मिटिंग चांगली व्हती. एक बी मानूस मन्हासंगे वाकडं बोलना नही."